दुधाचा पगार आणि गोठ्याचा हिशोब: वाचकांचे प्रश्न

यावेळी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मिळून जे काही आलं त्यातलं निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीवर आहे, दर. दर कधी वाढणार हे मी सांगू शकत नाही, कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. पण दर जो काही मिळेल त्यात गोठा टिकवायचा कसा, आणि जे दूध घातलं त्याचे पैसे पूर्ण पदरात पाडून घ्यायचे कसे, यावर बोलता येईल. नावं छापायला बऱ्याच जणांनी नको म्हटलंय म्हणून फक्त गाव-तालुका देतोय.

प्रश्न: आमच्याकडं ४ एचएफ (होल्स्टिन) गाया, दीड एकर बागायत. दूध ४०-४५ लिटर जातं. दर ३० च्या आत आला की दहा दिवसाच्या पगारात फक्त पेंडीचं बिल भागतं. मुलगा म्हणतो कर्ज काढून २० गायांचा मुक्त गोठा करू, मोठं केलं तरच परवडतं. करावं का? (ता. संगमनेर)

दादा, मुलाला शेतात थांबायचंय ही चांगली गोष्ट आहे, त्याला तोडून बोलू नका. पण कागद-पेन घेऊन त्याच्याच हातानं हिशोब करून घ्या. एका दुधाळ एचएफ गाईला दिवसाला २०-२५ किलो हिरवा चारा धरा, शिवाय सुका वेगळा. वीस गाईंना रोज ४००-५०० किलो, म्हणजे वर्षाला दीडशे ते एकशेऐंशी टन नुसतं हिरवं. मका एकरी १५-२० टन निघतो, वर्षात दोन पिकं घेतली तरी चार-पाच एकर फक्त चाऱ्याला लागणार. तुमच्याकडं दीड आहे. मग उरलेलं विकत, आणि दुधाच्या खर्चात ६०-७० टक्के वाटा खाद्य-चाऱ्याचाच असतो, म्हणजे ज्या गोष्टीत तुमचा आत्ता फायदा आहे (घरचा चारा, घरची माणसं) तीच गोष्ट मोठं झाल्यावर हातातून जाते आणि वर बँकेचा हप्ता, जो दर पडला म्हणून थांबत नाही.

आणि दर का पडतो ते मुलाला नीट कळू द्या, कारण सगळे "डेअरीवाले लुटतात" म्हणून मोकळे होतात, ते पूर्ण खोटं नाही पण पूर्ण खरंही नाही. आपल्याकडं गाईचं जे दूध पिशवीत खपत नाही त्याची पावडर आणि लोणी होतं. शंभर लिटर गाईच्या दुधातून साधारण साडेआठ किलो पावडर निघते आणि चार किलोच्या आसपास लोणी. आता पावडरीचा भाव किलोला १०० रुपयांनी उतरला तर लिटरमागे साडेआठ रुपये गेले, सरळ गुणाकार आहे. २०२३ च्या सुरुवातीला पावडर तीनशेच्या वर होती, वर्षभरात दोनशेच्या घरात आली. सरकारनं २०२३ च्या जुलैत ३.५ फॅट ८.५ एसएनएफला (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ३४ रुपये जाहीर केले होते, थंडी येईपर्यंत गावात २६-२७ झाले. मग जानेवारी २०२४ पासून लिटरला ५ रुपये अनुदान, ऑक्टोबरपासून ७, ते पण ठरावीक महिन्यांपुरतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर १८-२० ला घातलंय लोकांनी. जगाच्या बाजारात पावडर पडली की तोटा संघ पचवत नाही, दुकानदार पचवत नाही, तो खाली घरंगळत तुमच्या कॅनपर्यंत येतो. हे दर दोन-तीन वर्षांनी होतं. वीस गाईंचं कर्ज सात वर्षांचं घेणार असाल तर त्यात असे दोन फेरे तरी धरूनच चाला.

त्यापेक्षा ४ गाईंतच बघा. ४५ लिटर म्हणताय, पण त्या चारातल्या दुधात किती आणि भाकड किती हे लिहिलं नाहीत. वेतातलं अंतर १३-१४ महिने पाहिजे, आपल्याकडं सर्रास १७-१८ असतं. भाकड गाय दिवसाला सव्वाशेचं खाते धरलं तरी चार महिने जादा म्हणजे १५ हजार एका गाईमागे, आणि हे पैसे कुठल्याच बिलात दिसत नाहीत म्हणून कुणी त्यावर भांडत नाही. माज ओळखायचं काम पहाटे आणि रात्री करावं लागतं, गाय उभी राहून दुसरीला अंगावर घेते तो खरा माज, सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा (म्हणजे रेतन करून घ्या), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. १८ ते २४ दिवसांनी परत माज येतो का बघा. मुलाला वही द्या आणि प्रत्येक गाईचं वेगळं पान करा: कधी व्याली, कधी भरवली, रोज किती दिलं, किती खाल्लं. सहा महिन्यांत तुम्हाला कळेल की चारातली एक गाय बाकी तिघींच्या जिवावर जगतीय. तिचं काय करायचं ते ठरवा, मग पाचवी-सहावी घरच्याच कालवडीतून येऊ द्या. मुक्त गोठा मात्र जरूर करा, त्याला २० गाई लागत नाहीत, तारेचं कंपाउंड, सावली आणि पाण्याची टाकी एवढ्यात चार गाईंचा होतो, गाय मोकळी असली की माज पण दिसतो आणि शेण उचलायचे तासही वाचतात.

प्रश्न: माझ्या दोन गायी आणि एक म्हैस. गायीला सकाळी फॅट ३.४ लागतो, संध्याकाळी ४.१, एसएनएफ कधी ८.२ कधी ८.५. दूध संस्थेतला पोरगा सगळ्यांसमोर म्हणतो "वहिनी, दूध पातळ हाय". थेंबभर पाणी मी घालत नाही. मशीनमध्ये घोळ आहे का गायीत? (ता. कागल)

ताई, दोन्हीकडं थोडं थोडं असू शकतं, आधी गाईचं सांगतो म्हणजे त्या पोराशी बोलताना तुमची बाजू पक्की असेल.

सकाळ-संध्याकाळचा फरक नैसर्गिक आहे. संध्याकाळी सहाला पिळलं आणि सकाळी सातला पिळलं तर मध्ये तेरा तास, दिवसा अकरा. अंतर जास्त की दूध जास्त आणि फॅट कमी. पिळण्याच्या सुरुवातीच्या धारेत फॅट एकदम कमी आणि शेवटच्या धारांत सगळ्यात जास्त, त्यामुळं शेवटचं दूध वासराला सोडत असाल तर तुम्ही पातळ दूध संस्थेत घालताय आणि साय वासराला पाजताय. वासराला सुरुवातीचं पाजा. कॅनमध्ये दूध तासभर ठेवलं असेल तर फॅट वर येतं, नमुना घ्यायच्या आधी ढवळलं पाहिजे, आणि नुकतंच पिळलेलं फेसाळ दूध त्या मशीनला लावलं तर हवेच्या बुडबुड्यांनी आकडा हलतो. एसएनएफ कमी लागण्याची कारणं वेगळी: पोटात ताकद कमी पडतीय (नुसतं उसाचं वाढं आणि थोडी पेंड असं चाललं असेल तर नक्की), दगडी (कासेचा आजार) आतल्या आत सुरू आहे, किंवा कडक उन्हाळा. दगडी बघायला सीएमटीचं द्रावण मिळतं, चार सडांचं दूध वेगवेगळं घेऊन त्यात टाकायचं, जे घट्ट चिकट होईल तो सड बिघडलेला. पिळून झाल्यावर अर्धा तास गाय बसू देऊ नका, पुढ्यात वैरण टाका, सडाची तोंडं तेवढ्यात मिटतात.

आता संस्थेकडं. एक, त्या छोट्या मशीनला रोज धुणं आणि ठरावीक दिवसांनी जुळवणी लागते, धुतलं नाही तर आत दुधाचा थर बसतो. तुम्ही गर्बर पद्धतीनं तपासून मागा, ती जुनी काचेच्या नळीची पद्धत: १० मिली सल्फ्युरिक अॅसिड, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, फिरवायचं आणि नळीवर फॅट वाचायचा. एकाच नमुन्याचे दोन भाग करून एक मशीनवर आणि एक गर्बरवर लावला की घोळ कुठं आहे ते दहा मिनिटांत कळतं. दोन, वजनकाटा. दूध पाण्यापेक्षा जड असतं, १० लिटर दूध वजनाला १० किलो ३०० ग्रॅम भरतं. काटा किलोत आणि बिल लिटरमध्ये असेल तर ते कुणी भागतं का आणि कितीनं भागतं हे विचारा. काटा १०० मिलीच्या टप्प्यानं दाखवत असेल तर वरचे ३०-४०-९० मिली कुणाचे? सरासरी ५० मिली धरा, दोन वेळचे १००, महिन्याला ३ लिटर तुमचे, आणि संस्थेत दीडशे सभासद असतील तर साडेचारशे लिटर. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का असतो, तो बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

तिसरी गोष्ट मला जास्त टोचते. कायद्यानं गाईच्या दुधाला किमान ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ पाहिजे, एवढं असलं की ते शुद्ध दूध. दर मात्र ३.५ आणि ८.५ ला ठरतो आणि खालच्या प्रत्येक पॉइंटला (म्हणजे ०.१ ला) कपात. कपात पॉइंटला ३० पैसे असेल तर ८.२ ला ९० पैसे गेले, पण काही ठिकाणी हीच कपात पॉइंटला रुपयापर्यंत नेली होती, मग लिटरला तीन रुपये जातात आणि जाहीर दर कागदावर तसाच सुंदर दिसतो. म्हणून दर विचारू नका, दरपत्रक मागा, पूर्ण तक्ता. तुमचा जिल्हा सहकाराचा आहे, वार्षिक सभेत सभासदाला बोलता येतं, दिवाळीच्या फरक बिलाचा (घातलेल्या दुधावर नंतर मिळणाऱ्या जादा रकमेचा) हिशोब मागता येतो. त्यासाठी सभासद तुम्ही स्वतः आहात का घरचे मालक आहेत ते आधी बघा. दूध काढता तुम्ही, कॅन नेता तुम्ही, बोलणी खाता तुम्ही, मग खातं पण तुमच्या नावावर करून घ्या. आणि म्हशीचं दूध गाईच्या कॅनमध्ये मिसळून फॅट वाढवू नका, म्हशीला दर वेगळा आणि चांगला मिळतो, उलट तुमचंच नुकसान.

प्रश्न: आम्ही पुण्यात पिशवीचं गाईचं दूध ५८ रुपयांनी घेतो आणि पेपरमध्ये वाचतो की शेतकऱ्याला २८ मिळाले. मधले ३० कोण खातं? त्यापेक्षा १०० रुपये लिटरचं ए-टू दूध थेट घेतलं तर शेतकऱ्याला मदत होईल ना? (कोथरूड)

मधल्या पैशात गावातल्या संकलन केंद्राचं कमिशन, दूध चार अंशांवर आणायचा बल्क कूलर आणि त्याचं लाईट बिल, टँकर, पाश्चरायझेशन, पिशवी, वितरक, दुकानदार आणि फुटलेल्या-परत आलेल्या पिशव्या एवढं सगळं आहे. हे खर्च खरेच आहेत. पण गुजरातच्या सहकारी संघांत ग्राहकाच्या रुपयातले ८० पैशांच्या आसपास उत्पादकाकडं जातात असं ते सांगतात, तेच टँकर, तीच पिशवी, मग इथं निम्मे का, हा प्रश्न विचारायलाच पाहिजे. मोठं कारण असं की महाराष्ट्रात बरंचसं दूध खाजगीकडं जातं, आणि जिथं सहकार आहे तिथंही छोटे छोटे संघ आपापला ब्रँड घेऊन एकमेकांशीच मुंबई-पुण्यात कमिशनवर भांडतात. वितरकाला जास्त मार्जिन देणारा ब्रँड दुकानात पुढं राहतो, ते मार्जिन कुठून येतं ते तुम्हीच ओळखा. राज्याचा महासंघ, ज्याच्याकडं महानंदचा ब्रँड आहे, तो शेवटी २०२४ मध्ये एनडीडीबीकडं (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडं) चालवायला द्यावा लागला. अजून एक बारीक गोष्ट, तुम्ही टोन्ड दूध घेत असाल तर त्यात फॅट ३ टक्के असतो, शेतकऱ्याकडून घेतलं ३.५ चं. तो अर्धा टक्का लोणी-तूप होऊन वेगळा विकला जातो, "दुधात काही सुटत नाही" असं कुणी म्हटलं की हे आठवा.

ए-टूचं (दुधातल्या एका प्रथिनाच्या प्रकारावरून पडलेलं नाव) म्हणाल तर चवीला आवडत असेल आणि परवडत असेल तर घ्या, पण औषध म्हणून घेऊ नका. एफएसएसएआयनं (अन्नसुरक्षा बघणारं केंद्राचं प्राधिकरण) ऑगस्ट २०२४ मध्ये ए-वन ए-टू असे दावे पाकिटावरून काढा म्हणून सांगितलं आणि काही दिवसांतच तो आदेश मागं घेतला, एवढाच तो विषय आहे. १०० रुपयांतले गोठ्यात किती गेले ते विकणाऱ्याला विचारा, पुष्कळदा तिथंही मध्ये एक अॅप आणि एक गुंतवणूकदार बसलेला असतो. खरी मदत करायची तर ज्या संघाचं दूध घेता त्याचा खरेदी दर माहीत करून घ्या, आणि जो जास्त देतो त्याचं घ्या.

प्रश्न: उन्हाळ्यात वैरण विकत घेऊन कंबरडं मोडतं. २०१९ ला चारा छावणीत होतो. मुरघास (हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा) मोठ्या गोठेवाल्यांचाच उद्योग आहे का? माझ्या दोनच गाया. (ता. सांगोला)

उलट दोन गाईवाल्यालाच जास्त गरज आहे. हिशोब बघा, गाईला दिवसाला १५ किलो मुरघास, दोघींना ३०, चार महिन्यांना ३६०० किलो. म्हणजे चार टन झाला की उन्हाळा निघाला, आणि चार टन म्हणजे पाव एकर मका, जो पावसाळ्याच्या पाण्यावर होतो. खड्डा नको, बांधकाम नको, प्लॅस्टिकच्या जाड बॅगा मिळतात त्यात भरा.

सगळी गंमत कापायच्या वेळेत आहे. कणसातला दाणा नखानं दाबला आणि पातळ दुधाऐवजी पिठाळ चीक आला की कापा. त्याआधी कापला तर पाणी जास्त, बॅगेत सडतो, नंतर कापला तर ताट कडक होतं आणि दाबलं जात नाही. कणसासकट कुट्टी करायची, बोटाच्या पेराएवढे तुकडे, बॅगेत थर टाकायचा आणि नाचून नाचून तुडवायचा, परत थर, परत तुडवा. घरातली पोरं लावा कामाला. हवा राहिली की बुरशी आली. तोंड आवळून बांधा, वर माती नाहीतर वाळूची पोती, उंदीर-घुशीपासून जपा, ४५ दिवस हात लावू नका. उघडल्यावर आंबूस-गोड वास आणि पिवळसर-हिरवा रंग म्हणजे जमलं. काळपट किंवा पांढरी बुरशी दिसली तेवढा भाग फेकून द्या, "गाय खाती की" म्हणून घालू नका, गाभण गाईला तर अजिबात नाही. उघडलेली बॅग रोज वापरत संपवायची.

वाढ्याबद्दल, तुमच्या भागात दुसरं काही नसतं हे मला माहितीये, पण त्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि मग व्याल्यावर गाय बसणं, माज लांबणं, एसएनएफ पडणं हे सगळं मागोमाग. घालायचंच असेल तर कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून, आणि रोज ५० ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण चुकवू नका.

प्रश्न: गोऱ्हा (नर वासरू) झाला की घरात सुतक पडल्यासारखं होतं. काय करायचं त्याचं? (ता. बारामती)

खरं बोललात. संकरित गाईच्या गोऱ्ह्याला नांगर ओढायला कुणी घेत नाही, आणि २०१५ च्या कायद्यानंतर बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हणजे बाजारात त्याला आणि म्हाताऱ्या गाईला मोल उरलं नाही. पूर्वी भाकड गाय विकून नवीच्या किमतीत थोडी भर पडायची, ती भर गेली आणि हा खर्च दुधाच्या दरात कुणीच धरत नाही. कायद्याच्या बाजूनं किंवा विरोधात तुमचं मत काही असो, बिल गोठेवाल्याच्या नावावर फाटतं एवढं तरी मान्य करायला हवं. तुमच्या हातात आहे ते म्हणजे लिंगवर्गीकृत वीर्यमात्रा वापरणं, त्यात १०० पैकी ९० च्या आसपास कालवडी होतात. ती मात्रा पहिलारू कालवडीत आणि निरोगी गाईत वापरा, सारखी उलटणाऱ्या (भरवूनही गाभण न राहणाऱ्या) गाईत वापरून पैसे घालवू नका. आणि झालेला गोऱ्हा असेल त्याला चीक तरी पोटभर पाजा, उपाशी मारणं हा उपाय नाही.

प्रश्न: कॉलेजात सर म्हणाले गाई मिथेन सोडतात म्हणून दूध धंदा पर्यावरणाला वाईट. घरी सांगितलं तर आज्जी हसली. कोण बरोबर? (ता. फलटण)

सर मिथेनबद्दल बरोबर आहेत, गाय रवंथ करते तेव्हा ढेकरेतून मिथेन जातो. पण गाय रोज २ लिटर देवो नाहीतर १२, तिला जगण्यापुरतं खावंच लागतं आणि तेवढा मिथेन निघतोच, म्हणून लिटरमागं बघितलं तर अर्धपोटी, भाकड, आजारी जनावरांचा भार जास्त. भारत १९९८ पासून जगात सगळ्यात जास्त दूध काढतो, २०२३-२४ ला २३९ दशलक्ष टनांच्या वर, पण ते खूप जास्त जनावरांत वाटलेलं आहे. म्हणजे वर संगमनेरच्या दादांना जे सांगितलं तेच इथंही लागू होतं, वेळेवर गाभण, पोटभर चारा, कमी भाकड दिवस, याच्यानं खिसा पण भरतो आणि हवा पण कमी बिघडते. शिवाय शेण. २ घनमीटरच्या बायोगॅसला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, तीन गाईंत होतं, पाच-सहा माणसांचा स्वयंपाक निघतो आणि स्लरी शेतात. आज्जीला विचार, चुलीचा धूर आणि सिलिंडरची रांग दोन्ही सुटणार असेल तर ती सरांच्या पार्टीत जाईल.

प्रश्न: २०२४ चं अनुदान शेजाऱ्याला आलं, आम्हाला नाही. दूध एकाच डेअरीला घालतो. का? (ता. राहाता)

बहुतेक कानातल्या बिल्ल्यामुळं. अनुदान डेअरीनं पाठवलेली माहिती, गाईचा १२ अंकी बिल्ला आणि आधार जोडलेलं बँक खातं या तिन्हींचा मेळ बसला तरच निघत होतं. गाय विकत आणली आणि बिल्ला पहिल्या मालकाच्याच नावावर राहिला, गाय व्याली पण नोंद केलीच नाही, एक आकडा चुकला, असं काहीही होऊ शकतं. गेलेलं मिळेलच असं नाही, पण डेअरीकडं त्या काळातली तुमच्या नावाची पाठवलेली यादी मागा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन भारत पशुधनवर (जनावरांच्या नोंदीची सरकारी ऑनलाइन व्यवस्था) प्रत्येक बिल्ल्यापुढं तुमचंच नाव आहे का ते बघून घ्या. गाय विकली तर नाव उतरवायचं, घेतली तर चढवायचं, बिल्ला पडला तर त्याच आठवड्यात नवा मारून घ्यायचा. जाताना बिल्ल्यांचे फोटो मोबाईलमध्ये काढून न्या, पाठ केलेले आकडे तिथं हमखास चुकतात.